उलाळ

जून २०२३ मधली गोष्ट. आम्ही दोघे लेकीकडे सॅन होजेला गेलो होतो. योसेमिटीला जाताना हॉटेलात न उतरता घरच बरोबर न्यावे, असे जावयाच्या मनात बरेच दिवस होते. घर म्हणजे कॅम्पर. मोटारीच्या मागे जोडायचे, चाकांवरचे घरकुल. वीस फूट लांब, आत बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी, एवढेसे न्हाणीघर. हिने ते आतून पाहिले आणि म्हणाली, "तुमच्या पहिल्या बदलीच्या गावी मिळालेल्या खोलीपेक्षा मोठे आहे." ते खरेच होते.

कॅम्पर भाड्याने देणारा गृहस्थ माझ्याच वयाचा असावा. कागदांवर सह्या घेण्याआधी त्याने आम्हा सर्वांना तासभर उन्हात उभे केले. मी बँकेत सदतीस वर्षे काढली. आमच्याकडे सह्या आधी आणि समजावणे नंतर, तेही वेळ मिळाला तर. त्यामुळे मला त्याचे कौतुक वाटले. गाडीच्या मागचा पोलादी गोळा, त्यावर बसणारी कॅम्परच्या दांडीची वाटी, वाटी निसटू नये म्हणून घालायची खीळ, सारे त्याने दाखवले. दोन साखळ्या दांडीखालून कैचीसारख्या एकमेकींना छेदून लावल्या. वाटी निसटलीच तर दांडी रस्त्यावर न आपटता या साखळ्यांच्या झोळीत पडते. शिवाय एक बारीक तार. कॅम्पर पूर्ण सुटून निघाला तर ती तार ओढली जाते आणि कॅम्परमधल्या बॅटरीवर त्याचे स्वतःचे ब्रेक लागतात.

मग त्याने जावयाला चालकाच्या जागेवर बसवले आणि डॅशबोर्डखालची एक छोटी खटकी दाखवली. ती सरकवली की फक्त मागच्या कॅम्परचे ब्रेक लागतात, मोटारीचे नाही. त्याने जावयाकडून ती तीनदा सरकवून घेतली. नंतर लेकीला शेजारी बसवून तिच्याकडूनही तीनदा. "मागचे शेपूट हलू लागले," तो म्हणाला, "तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, आणि ही खटकी हळूहळू सरकवा. पायातल्या ब्रेकला हात लावू नका." पायातल्या ब्रेकला हात कसा लावणार, यावर नातू हसला. मीही हसलो. माझे खरे लक्ष नव्हतेच.

सामान भरण्याचे काम आम्हा दोघांकडे होते. मराठी कुटुंब चार दिवसांसाठी बाहेर पडते तेव्हा काय काय निघते ते वाचकांना सांगायला नको. तांदूळ, पिठाचा डबा, कुकर, बिडाचा तवा, कोळशाची शेगडी, पिण्याच्या पाण्याचे चार मोठे कॅन. हे सगळे पुढे ठेवले तर वावरायला अडचण, म्हणून मागच्या बिछान्याखालची रिकामी पेटी मी ठासून भरली. नातवाची आणि लेकीची सायकल कॅम्परच्या पाठीला बांधली. आत मोकळे मोकळे दिसू लागले. हिने मला शाबासकी दिली.

गिलरॉयपर्यंत काही कळले नाही. तिथे लसणाचा वास येतो, हवेतच. तिथून १५२ नंबरचा रस्ता पाचेको नावाच्या खिंडीतून पलीकडे उतरतो. उतार संपता संपता उजव्या हाताला सॅन लुईसचा अफाट जलाशय दिसतो. त्या वर्षी तो तुडुंब होता. या भागात वारा असा की टेकड्यांवर पवनचक्क्या लावल्या आहेत. कॅलिफोर्नियात मागे काही ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. उतारावर आमचा काटा ६२-६३ वर गेला होता. जावयाने ते नंतर स्वतःहून कबूल केले.

मागून एक मोठा ट्रक डावीकडून पुढे निघाला. असा ट्रक जवळ येतो तेव्हा त्याच्या पुढची हवा आधी आपल्याला बाहेर ढकलते आणि तो पुढे सरकला की आत ओढते. कॅम्पर उजवीकडे सरकला, मग डावीकडे आला. मग पुन्हा उजवीकडे, पण या वेळी जास्त. मागच्या सीटवरून मला दोन्ही बाजूंचे आरसे दिसत होते. एकदा या आरशात कॅम्परची पांढरी भिंत, एकदा त्या आरशात. मोटारीचा मागचा भाग कोणीतरी धरून हलवावा तसा हलू लागला. नातू रडला नाही, ओरडला नाही, त्याने फक्त माझी बाही घट्ट धरली.

आणि मी ओरडलो, "ब्रेक मार! ब्रेक!"

जावयाने ब्रेक मारला नाही. त्याने पाय काढून घेतला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवले. खटकी लेकीने सरकवली. मागून कोणी शेपूट धरून ओढावे तसा एक ताण आला, हेलकावा लहान झाला, आणखी लहान झाला, थांबला. सगळे मिळून दहा-पंधरा सेकंद. जलाशय तसाच चमकत होता. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ही म्हणाली, "पाणी हवंय का कुणाला?"

खाली सांता नेलाला ट्रकवाल्यांचा मोठा थांबा आहे. तिथे उतरून जावयाने त्या गृहस्थाला फोन लावला. त्याने एकच प्रश्न विचारला, "जड सामान कुठे ठेवले आहे?"

मी मागची पेटी उघडली. आणि चाळीस वर्षांत न उच्चारलेला एक शब्द माझ्या तोंडून गेला, "उलाळ."

"म्हणजे काय, बाबा?" जावयाने विचारले. तो मुंबईत वाढलेला. बैलगाडी त्याने बहुधा चित्रातच पाहिलेली.

माझे आजोळ पंचगंगेच्या काठचे. तिथे गाडी भरली की आजोबा आधी जू एका हाताने उचलून बघत. ओझे चाकांच्या मागे गेले की पुढचे जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याखालचा पट्टा आवळू लागतो. अशी गाडी उलाळ. मग दोन पोती पुढे घ्यायची, किंवा गाडीवानाने स्वतः पुढे सरकून बसायचे. पुढे फार ओझे झाले तर बैलांच्या मानेवर भार येतो, तेही वाईट. जू हाताला किंचित जड लागले पाहिजे. किंचित किती, हे आजोबांच्या मनगटाला ठाऊक होते.

अमेरिकेत त्याला आकडा आहे. भरलेल्या कॅम्परच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार त्या पोलादी गोळ्यावर आला पाहिजे. आमचा कॅम्पर भरून साधारण १८०० किलोचा, म्हणजे गोळ्यावर १८० ते २७० किलो हवेत. त्याहून बरेच कमी असले तर शेपूट हलते. बरेच जास्त असले तर मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि वळवणे अवघड जाते. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. गोळ्यावरचा भार, ॲक्सल कुठे आहे, आणि वजन मध्याजवळ आहे की टोकांना पांगले आहे, याचा वेगात जाताना मोठा परिणाम होतो असे त्यांत दिसले. पाण्याचे कॅन मागे आणि त्याच्याही मागे सायकली, असे सगळे नको ते मी एकट्याने जमवून आणले होते.

हेलकाव्याचे गणित झोपाळ्यासारखे आहे. कमी वेगात बसलेला धक्का आपोआप विरतो. एका वेगाच्या पुढे मात्र प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो. तो वेग प्रत्येक गाडीचा आणि प्रत्येक भरतीचा वेगळा. सामान चुकीचे भरले की तो खाली येतो, उतारावर मागचे ओझे ढकलू लागले की धोका आणखी वाढतो. अशा वेळी चालक घाबरून स्टिअरिंग उलटसुलट फिरवतो. पण त्याचा हात क्षणभर उशिरा पडतो, आणि झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या झोक्यासारखा तो हेलकावा वाढवतो. पायाने ब्रेक दाबला तर आणखी वाईट. मोटार थांबू बघते, मागचे ओझे थांबायला तयार नसते. ते ढकलते, आणि दोन्ही वाहने चाकूसारखी मिटतात. फक्त मागचा ब्रेक लागला तर मात्र मागचे ओझे पुढच्याला मागे खेचते आणि सारी रांग ताणून सरळ होते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत हेलकावा ओळखून चाकांचे ब्रेक वेगवेगळे लावणारी यंत्रणा असते. आमची गाडी जुनी होती. आणि यंत्रणा असली तरी सामान काही ती पुढे सरकवत नाही.

आम्ही अर्धा तास सामान हलवले. पाणी आणि तांदूळ चाकांच्या किंचित पुढे, जमिनीलगत. सायकली मोटारीच्या टपावर. हवेचा दाब पाहिला. दांडीचा भार हाताने अजमावण्याचा मोह मला झाला, पण तिथे ट्रक तोलायचा काटा होता, त्यावर नीट वजन करून घेतले. पुढे मर्सेड, मारिपोसा आणि योसेमिटीपर्यंत जावयाने काटा ५५ च्या वर जाऊ दिला नाही. धबधबे पाहिले, फोटो काढले. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, तेव्हा आपल्याकडची कुटुंबेही उद्या चाकांवरचे घर घेऊन निघतील. म्हणून इतके तपशील लिहिले.

पण मला रात्री कॅम्परमध्ये झोप लागली नाही, ती धबधब्यांमुळे नाही. "ब्रेक मार" ही माझी हाक कानात होती.

१९९१ ते १९९५ मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत शेती अधिकारी होतो. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या हे आमचे आवडते कर्ज. वसुली कारखान्याच्या बिलातून परस्पर व्हायची. सातबारा, आठ-अ, कारखान्याचा वाहतूक करार, विक्रेत्याचे कोटेशन, इंजिन नंबर, चासी नंबर, विमा असे सगळ्याला रकाने होते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक आहेत का, हूकची पिन कसली आहे, मागे रात्री चमकणारी पट्टी आहे का, याला रकाना नव्हता. मी ज्यांना कर्ज दिले त्या ट्रॉल्यांना ब्रेक नव्हते, हे मला दिसत होते. रकाना नाही म्हणून ते मी कुठे लिहिले नाही.

आमच्या एका कर्जदाराला गावात सगळे आबा म्हणत. डिसेंबर १९९३ मध्ये मी त्यांच्या वाहनांची पाहणी केली. टायर मोजले, नंबर ताडून पाहिले, चहा घेतला, आणि रजिस्टरात लिहिले, "तारण सुस्थितीत." जानेवारीत आबांचा पुतण्या, वय बावीस, ऊस रिकामा करून कारखान्यातून परत येत होता. ओढ्याच्या उतारावर मागची ट्रॉली झोकांड्या खाऊ लागली. त्याने ब्रेक दाबला. पहिली ट्रॉली ट्रॅक्टरवर चढली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

वरिष्ठ कार्यालयाला टिपण मी पाठवले. "उतारावर न्यूट्रल करून, चालकाच्या निष्काळजीपणामुळे." पुढे कर्ज वेळेवर फिटले. शाखेत कोणी त्या अपघाताचा विषय काढला की मी सांगत असे, पोराने घाबरून ब्रेक मारला, नाहीतर काही झाले नसते. तीस वर्षे मी हे सांगत आलो. त्याला दुसरे काय करता आले असते, हे मला माहीत नव्हते. त्याच्याकडे ती खटकी नव्हती. आणि ट्रॉलीला ब्रेकच नव्हते, तेव्हा खटकी असूनही काय सरकवणार होता?

परत आल्यावर दिवाळीनंतर मी त्या गावी गेलो. आबा केव्हाच वारले. पुतण्याची पिठाची गिरणी आहे, जयपूर फूट लावून तो दिवसभर उभा असतो. त्याने मला ओळखले. चहा आला. मी त्याला पाचेकोच्या उताराची सगळी हकीकत सांगितली, मागच्या पेटीतल्या तांदळासकट. तो मध्ये काही बोलला नाही. पट्टा बंद केला, हात झटकले.

"न्यूट्रल केली हुती, साहेब, ते खरं हाय," तो म्हणाला. "पण ट्रॉली रिकामी नव्हती. येताना कारखान्यातनं मळी भरली हुती, शेताला. लोडरवाल्यानं समदी मागल्या अंगाला टाकली. म्या म्हटलं, जरा म्होरं वढ, गाडी उलाळ हुतीया. तर म्हणाला, मागं नंबर लागल्यात, चल."

"हे तू तेव्हा सांगितलं नाहीस?"

"कुणी इचारलं न्हाई," तो म्हणाला. बाहेर एक बाई डबा घेऊन उभी होती. त्याने डबा काट्यावर ठेवला, वजन पाहिले आणि पट्टा पुन्हा सुरू केला.