ताटाच्या कडेचे काजू

आमच्याकडे शिरा झाला की वडिलांच्या बशीच्या कडेला काजूची एक छोटीशी रास जमते. त्यांच्या अँजिओप्लास्टीला सहा वर्षे झाली. तेव्हापासून काजू वर्ज्य. का, तर 'त्यात कोलेस्टेरॉल असते.' रास बाजूला सारून साजूक तुपातला शिरा मात्र ते मनापासून संपवतात. असे वडील, काका किंवा सासूबाई बहुतेक घरांत असतात. म्हणून ही काजूची कैफियत.

कोलेस्टेरॉल आपल्या ताटात येते ते दूध-तूप, अंड्याचा बलक, मांस-मासे अशा प्राणिज पदार्थांतून. झाडावर लागणाऱ्या बीचा त्याच्याशी संबंध नाही. काजूत असतो तो स्निग्धांश, आणि तो भरपूर असतो: १०० ग्रॅममध्ये सुमारे ४४ ग्रॅम. पण त्यातला निम्म्याहून अधिक भाग ऑलिव्ह तेलात असतो त्याच जातीचा, म्हणजे हृदयाला मानवणारा. ज्याला खरोखर भ्यावे तो संपृक्त भाग जेमतेम ८ ग्रॅम. साजूक तुपात हाच आकडा साठीच्या घरात जातो. आता बशीच्या कडेला काय सारायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

चेन्नईच्या मधुमेह संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या ३०० रुग्णांपैकी एका गटाला १२ आठवडे रोज ३० ग्रॅम साधे, बिनमिठाचे काजू देण्यात आले. त्यांचे वजन वाढले नाही, साखर बिघडली नाही. वरचा रक्तदाब थोडा उतरला आणि 'चांगले' कोलेस्टेरॉल किंचित वाढले. हे औषध नव्हे, पण भीतीचे कारणही नव्हे.

मेख आहे ती प्रमाणात. ३० ग्रॅम म्हणजे मूठभर, अठरा-वीस गर. त्यातून दोन फुलक्यांइतके उष्मांक मिळतात. म्हणजे मूठभर काजू खायचे तर दुसरे काही कमी करावे लागते. टीव्हीसमोर खाऱ्या काजूंचा वाडगा घेऊन बसणाऱ्याने चेन्नईचा हवाला देऊ नये. काजूकतलीनेही नाही, तिथे काजूच्या जोडीला साखर बसलेली असते.

या मुठीत पाच-साडेपाच ग्रॅम प्रथिने, जवळजवळ २ मिलिग्रॅम लोह, स्नायू आणि मज्जातंतूंना लागणारे मॅग्नेशियम आणि दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तांबे मिळते. लोहापासून रक्त तयार व्हायला हे तांबे लागते. प्रथिनांत मात्र आपला गरीब शेंगदाणा काजूला सहज मागे टाकतो. काजू परवडत नाहीत म्हणून कोणत्याही आईने मन खट्टू करू नये.

परवडण्यावरून आठवले. दुकानातल्या डब्यांवर डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असे आकडे असतात. ते एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात त्याचे. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव चढा. पैसे जातात ते आकाराचे आणि अखंडपणाचे. पोषण पाकळीत आणि तुकड्यातही तेवढेच. पाहुण्यांसाठी अख्खे, घरच्यांसाठी तुकडा, हा हिशेब वाईट नाही. मुतखड्याची खोड असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून खावे, कारण काजूत ऑक्झलेट बरेच असते. आणि ज्यांना पिस्त्याची ॲलर्जी आहे त्यांनी काजूपासूनही लांबच राहावे.

खरी उधळपट्टी होते ती कोकणात, झाडाखाली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड तिथे इतके रुळले की वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले. पण बी पिळून घेतली की बोंडू बहुधा तिथेच कुजतो. गरात क जीवनसत्त्व नावालाच असते. बोंडूत ते संत्र्याच्या चार-पाच पट! गोव्याने निदान त्याची फेणी केली. आपल्याकडे पोरे फोडींना मीठ चोळून खातात, घसा खवखवतो, संपले.

आणि बीच्या टरफलातले तेल कातडी जाळते. मार्चमध्ये ओल्या काजूंची उसळ मिटक्या मारत खाताना, ते गर सोलणाऱ्या बाईची बोटे आपल्याला दिसत नाहीत. राख किंवा तेल चोळूनही त्यांची सालपटे निघतात. काजू महाग म्हणून कुरकुरताना मला हल्ली ती बोटे आठवतात.

गेल्या महिन्यात वडिलांच्या डॉक्टरांनाच विचारले. ते हसले आणि म्हणाले, "रोज आठ-दहा चालतील, बिनमिठाचे. तूप किती घेता?" वडिलांनी खिडकीबाहेर पाहिले. परवाच्या शिऱ्यात बशीच्या कडेला काजू उरले नाहीत. तुपाबद्दल बोलणी अजून चालू आहेत.