कार्लचा झाला राजा

पुण्यात मी रशियन भाषेच्या वर्गाला जात असे, तेव्हाची गोष्ट. अनुवादाच्या पेपरात 'रशियाचा राजा' असे शब्द आले. शब्दकोशात राजाला 'कोरोल' सापडला, तो मी बिनधास्त लिहून टाकला. बाईंनी त्यावर लाल रेघ मारली आणि म्हणाल्या, "अहो, कोरोल फ्रान्सचा असतो, पोलंडचा असतो. मॉस्कोच्या गादीवर बसतो तो त्सार."

हा त्सार म्हणजे आपण मराठीत ज्याला 'झार' म्हणतो तो. लहानपणी 'झारशाही' हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे शुक्राचार्यांची झारीच येत असे! प्रत्यक्षात तो रोमचा सीझर. जर्मनांचा कैसर तोच, आणि १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणीला आपल्याकडे 'कैसर-इ-हिंद' म्हटले गेले, तो कैसरही तोच.

पण आज मला बोलायचे आहे ते कोरोलविषयी, कारण त्याची जन्मकथा अधिक मजेची आहे. फ्रँक लोकांचा राजा कार्ल, म्हणजे इतिहासातला शार्लमेन, ७६८ साली गादीवर आला, ८०० साली रोममध्ये सम्राट झाला आणि ८१४ साली वारला. त्याच्या राज्याची पूर्वेकडची हद्द स्लाव्ह टोळ्यांना भिडलेली होती. त्यांना एवढा मोठा राजा ठाऊक झाला तो हाच. आपण नाही का एखाद्या कळलाव्याला सरळ 'नारद' म्हणतो? तसे स्लाव्ह लोक राजाला 'कार्ल' म्हणू लागले. बहुतेक भाषातज्ज्ञांना ही व्युत्पत्ती मान्य आहे.

मग आज या शब्दाची इतकी रूपे कशी? झेक, सर्बियन, बल्गेरियन भाषांत 'क्राल', पोलिशमध्ये 'क्रूल' (लिहिताना तिथे ओ-वर चिन्ह असते, पूर्वी तो ओ-च होता), रशियन आणि युक्रेनियनमध्ये 'कोरोल'. गंमत अशी, की गाईचेही नेमके हेच झाले आहे. मूळ 'कार्व' असा काहीसा शब्द. त्याचा झेकमध्ये 'क्रावा', पोलिशमध्ये 'क्रोवा', रशियनमध्ये 'कोरोवा' झाला. शहराचेही तेच. बेलग्रेडमधले 'ग्राद' आणि नोव्गोरोदमधले 'गोरोद' हा एकच शब्द. (लेनिनग्राद रशियात असून 'ग्राद' कसे, असे कोणी विचारील. ते रूप चर्चच्या जुन्या, भारदस्त भाषेतून आलेले.)

म्हणजे व्यंजनांमध्ये अडकलेला 'आर्' स्लाव्ह जिभांना नकोसा झाला आणि प्रत्येक प्रदेशाने तो आपापल्या रीतीने सोडवला. गाय आणि शहर हे घरचे शब्द. पण परका कार्लही त्याच जात्यातून दळून निघाला; म्हणजे जाते फिरायचे थांबण्यापूर्वीच तो घरात येऊन बसला होता. आणि कार्लची साले आपल्याला पक्की ठाऊक आहेत. सिरिल आणि मेथोडियस हे बंधू ८६३ मध्ये मोराव्हियात धर्मप्रसाराला गेले, त्या सुमारास स्लाव्ह भाषेला लिपी मिळाली. त्याआधीचा लेखी कागद नाही. त्या काळात लोक कसे बोलत, याची साक्ष असा एखादा उसना शब्दच देतो.

पुढे हा शब्द शेजाऱ्यांकडेही गेला. हंगेरियनांनी 'किराय' केला, लिथुआनियनांनी 'कारालियुस', तुर्कांनी 'क्राल'. सशाच्या एका जातीलाही तो चिकटला. या प्राण्याचे लॅटिन नाव जर्मनांच्या तोंडी 'छोटा राजा' असे ऐकू येऊ लागले आणि स्लाव्हांनी त्याचे इमानाने भाषांतर केले. पोलिशमध्ये तो 'क्रूलिक'. रशियनमध्ये 'क्रोलिक', घरचा असता तर 'कोरोलिक' झाला असता, म्हणून तो पोलंडहून आला हे उघड दिसते.

बाईंची लाल रेघ किती महत्त्वाची होती, हे मला पुढे पोलंडचा इतिहास वाचताना कळले. १५४७ मध्ये इव्हान चौथ्याने स्वतःला त्सार म्हणून राज्याभिषेक करवून घेतला. पोलंडने ही पदवी मानायला दीर्घकाळ नकार दिला, कारण त्सार म्हटले की तो राजाच्या वर बसतो. मग १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेने पोलंडचा मोठा भाग रशियाच्या सम्राटाच्या हाती दिला. त्या एकाच राज्याला पोलिश कागदांत 'क्रूलेस्त्वो' लिहीत आणि रशियन कागदांत 'त्सार्स्त्वो'. क्रूलेस्त्वोला राज्यघटना होती, 'सेम' नावाची संसद होती. निकोलस पहिल्याने १८२९ मध्ये वॉर्सात येऊन मुकुट घातला, तो पोलिशांच्या लेखी क्रूल म्हणून. उठाव झाल्यावर जानेवारी १८३१ मध्ये सेमने या क्रूलला रीतसर पदच्युत केले. सप्टेंबरमध्ये रशियन सैन्याने वॉर्सा जिंकले आणि पुढच्या वर्षी राज्यघटना गेली. पोलिश लोक मात्र त्यानंतरही आपल्या मुलखाला क्रूलेस्त्वोच म्हणत राहिले.