उघड्या काँक्रीटचे वय

बंगळुरूच्या बन्नेरघट्टा रस्त्यावरील भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संकुल पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी करड्या ग्रॅनाइटमध्ये आणि गिलावा न केलेल्या काँक्रीटमध्ये रचले. फत्तेपूर सिक्रीची चौकांची आणि सावल्यांची मांडणी त्यांच्या मनात होती. २०१८ साली दोशींना वास्तुकलेचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. पण १९५८च्या केंद्रीय कायद्यानुसार वास्तू किमान शंभर वर्षांची असल्याशिवाय प्राचीन स्मारक ठरत नाही, म्हणजे १९८०च्या दशकात वापरात आलेल्या या संकुलाची पाळी २०८०नंतर. ग्रॅनाइट तोवर सहज टिकेल. काँक्रीट टिकेल का, हे ना कायदा सांगू शकतो ना वास्तुप्रेम. त्यासाठी त्याच काँक्रीटचा, त्याच हवेतला, काही वर्षे चिकाटीने केलेला अभ्यास लागतो. पीएच.डी.च्या दर्जाचे हे संशोधन म्हणजे पदव्यांची हौस नव्हे. अशा इमारती वाचवण्याची ती पहिली अट आहे, असे माझे मत आहे.

काँक्रीट बिघडते ते आतून. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होताना चुना तयार होतो आणि काँक्रीटचा सामू तेराच्या आसपास राहतो. अशा अल्कधर्मी वातावरणात लोखंडी सळीवर अतिशय पातळ संरक्षक थर धरतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र हळूहळू आत शिरून त्या चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट करत जातो. सामू नऊपर्यंत उतरला की तो थर मोडतो, ओल मिळताच सळी गंजते आणि फुगणारा गंज भोवतालचे काँक्रीट फोडतो. या कार्बनीभवनाची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. सळीवरचे २० मिलिमीटरचे आवरण ओलांडायला ४० वर्षे लागत असतील, तर तशाच काँक्रीटच्या ४० मिलिमीटरना १६० वर्षे लागतील. बांधकामाच्या वेळी सळी साच्याच्या सेंटिमीटरभर जास्त जवळ गेली असेल, तर त्याचा हिशेब पुढच्या पिढीला चुकवावा लागतो. एकाच बीममध्ये आवरणाची ही जाडी जागोजागी बदलते, म्हणून नकाशावरच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. प्रत्यक्ष मोजावेच लागते.

हवेचा प्रश्नही स्थानिक आहे. मुंबईत समुद्राकडून येणारे क्लोराइड सळीवर हल्ला करतात. तिथला धडा बंगळुरूला लागू पडत नाही. समुद्रापासून दूर, सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराची हवा वर्षातला बराच काळ ना फार ओली ना फार कोरडी असते, आणि मध्यम आर्द्रतेतच कार्बनीभवन सर्वांत वेगाने होते. पुढे गंज वाढायला मात्र पाणी लागते. त्यामुळे छपराखालचा कोरडा कॉलम कार्बनीभवन होऊनही बराच काळ तग धरेल, पण दोशींच्या मोकळ्या मार्गांवरचे, चहूबाजूंनी भिजणारे वेलींच्या मांडवाचे बीम आधी दगा देतील, असा अंदाज बांधता येतो. तो खरा की खोटा, हे अनेक पावसाळ्यांच्या नोंदींनीच ठरेल. याच शहरात ओटो क्योनिग्सबर्गर यांचे कामही आहे. जर्मनीतून निर्वासित झालेला आणि १९३९ साली भारतात आलेला हा वास्तुकार म्हैसूर संस्थानाचा मुख्य वास्तुकार झाला आणि त्याने भारतीय विज्ञान संस्थेच्या विमानविद्या विभागाची इमारत आखली. महायुद्धामुळे सिमेंट आणि पोलाद दोन्हींची टंचाई असतानाच्या त्या काळातले मिश्रण आजच्या सिमेंटसारखे असेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. क्योनिग्सबर्गर यांच्या भारतातल्या कामाचा इतिहास रेचल ली यांनी बर्लिनमधील डॉक्टरेटच्या संशोधनात मांडला. त्या इतिहासाला आता सामग्रीविज्ञानाची जोड हवी आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवहारी इंजिनीअरचा: पोपडे काढा, सळी घासा, पॉलिमरचा मसाला भरा, रंग द्या, संशोधन कशाला? पण ठिगळ लावलेल्या जागी सळी सुरक्षित झाली, की तिला लागूनच असलेल्या जुन्या भागातला गंज अनेकदा वाढतो, हे दुरुस्तीच्या शास्त्रात चांगले माहीत आहे. ठिगळाच्या कडेने काही वर्षांत नवा तडा जातो, तो यामुळे. शिवाय उघड्या काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांचे वळ असतात, वाळू-खडीचा रंग असतो. तोच त्या इमारतीचा चेहरा. सरसकट रंग फासला की इमारत उभी राहते आणि वास्तू जाते. जुळणारा मसाला बनवायचा तर काढलेल्या गाभ्याचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण, जुन्या खाणींचा शोध आणि नमुन्यांना ऊन-पाऊस दाखवून थांबणे, हे सगळे आले. कंत्राटाच्या मुदतीत ते बसत नाही, प्रबंधाच्या मुदतीत बसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रबंध पूर्ण होईपर्यंत इमारतच पडली तर? दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा, राज रेवल आणि संरचना अभियंते महेंद्र राज यांचा १९७२चा हॉल ऑफ नेशन्स एप्रिल २०१७मध्ये पाडला गेला. त्याला प्रयोगशाळेने वाचवले असते असे म्हणता येणार नाही. तो निर्णय राजकीय आणि आर्थिक होता. पण ‘इमारत धोकादायक आहे’ हे वाक्य जिथे पाडण्याचे कारण म्हणून पुढे येते, तिथे त्याला उत्तर मोजमापांनीच देता येते. ते उत्तर हाताशी हवे असेल तर अभ्यास संकटाच्या आधी सुरू व्हायला हवा. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील पिएर जानरे यांच्या गांधी भवनासाठी गेटी फाउंडेशनने २०१५ साली अनुदान दिले ते मुख्यतः अभ्यास आणि जतन-आराखड्यासाठी. पाडून नवे बांधणे स्वस्त, या हिशेबातही एक रकम गाळलेली असते: जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचे आहे, आणि उभी इमारत पाडून बांधताना ते उत्सर्जन दुसऱ्यांदा करावे लागते. बंगळुरूत विज्ञान संस्थेच्या एकाच आवारात क्योनिग्सबर्गरची इमारतही आहे आणि स्थापत्य अभियांत्रिकीचा विभागही. तिथल्या देखभाल खात्याने दुरुस्तीच्या वेळी निघालेले तुकडे फेकून न देता जागा आणि तारीख लिहून या विभागाकडे सोपवले, तर पहिल्या प्रबंधाचे साहित्य जमायला आजपासूनच सुरुवात होईल.