प्यादे एक घर की दोन घरे?

रविवारची वामकुक्षी आटोपून चार वाजण्याचा सुमार झाला, की आमच्या गल्लीतील एका ओट्यावर बुद्धिबळाचा पट पसरला जातो. खेळणारे दोघे आणि सल्ला देणारे आठ, हे प्रमाण अनेक वर्षांत बदललेले नाही. मध्ये शेवेची पुडी, कडेला चहाचे पेले आणि भोवती बोलण्याची अखंड गर्दी. आपल्या इंदूर शहराचे नाव क्रिकेटमुळे सर्वत्र झाले हे खरे. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा आणला ते दिवस आठवणारी माणसे आता विरळा उरली आहेत. परंतु या ओट्यावरच्या मंडळींना विचाराल, तर खरा खेळ चौसष्ट घरांचाच, असे ते शपथेवर सांगतील.

येथील वादविवाद ऐकण्याजोगे असतात.

“अरे, घोडे आधी बाहेर काढ! प्यादी रेटून काय दिवाळी साजरी करतोस?”

“मामा, पुस्तकात ही चाल अशीच दिली आहे.”

“पुस्तक हरणाऱ्यासाठी असते. जिंकणारा पटाकडे बघतो!”

आवडत्या खेळाडूंवरून तर दोन तट कायमचे पडलेले आहेत. एक तट मिखाईल ताल यांचा. १९६० साली बॉटविनिक यांना हरवून ते जगज्जेते झाले. मोहऱ्यामागून मोहरे देऊन टाकायचे आणि प्रतिपक्षाच्या राजाला उघड्यावर आणायचे, ही त्यांची तऱ्हा. दुसरा तट कापाब्लांका यांचा. १९२१ ते १९२७ जगज्जेतेपद भूषविणाऱ्या या क्यूबाच्या खेळाडूच्या डावात घाई नाही, आरडाओरड नाही. एक प्यादे पदरात पडले की शेवटपर्यंत ते जपून विजय मिळवावयाचा. आमचे एक स्नेही म्हणतात, “ताल म्हणजे आपले मुश्ताक अली आणि कापाब्लांका म्हणजे विजय हजारे. एक पाहायला मजा, दुसऱ्यावर पैसे लावायचे.” १९३६ साली मँचेस्टरला ११२ धावा काढणारे मुश्ताक अली इंदूरचे, म्हणून या तुलनेने तालपक्षाची छाती नेहमीच फुगते. हजारे सांगलीचे, आणि बुद्धिबळाच्या बाबतीत सांगलीचा मान केवढा आहे हे पुढे येईलच.

असा हा ओटा गेल्या दिवाळीच्या सुटीत तीन रविवार सुना राहिला. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आमच्या ओट्यावरील सर्वांत वडील म्हणजे अण्णा. त्यांचा बारा वर्षांचा नातू सुटीत पुण्याहून आला होता. मुलगा हुशार, मोबाईलवर खेळून तयार झालेला. आजोबा-नातू पटावर बसले. नातवाने पहिलीच चाल राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवून केली. अण्णा म्हणाले, “बाळ, प्यादे एकच घर चालते.” थोड्या वेळाने त्याने राजा आणि हत्ती एकाच चालीत हलविले. अण्णा चकित होऊन म्हणाले, “एका खेपेला दोन मोहरी? हे कुठले?” मुलगा हसला आणि सहज बोलून गेला, “आजोबा, तुम्हाला चुकीचा खेळ शिकवलाय कोणीतरी.”

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी मोहरी एकेक करून पिशवीत भरली आणि ते आत गेले. हा खेळ त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकविला होता.

वाचकहो, या प्रसंगात दोष कोणाचाच नव्हता. दोघेही बरोबर होते. फक्त दोघे दोन निरनिराळे खेळ खेळत होते, आणि ही गोष्ट दोघांनाही ठाऊक नव्हती.

देशी डाव म्हणजे काय

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या बुद्धिबळास देशी किंवा हिंदुस्थानी डाव म्हणतात. त्याचे नियम गावोगाव थोडे बदलत. तथापि मुख्य गोष्टी अशा. प्यादे पहिल्या चालीसही बहुधा एकच घर जाई. किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग, नसे. त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तोवर डावात एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेता येई. एका पक्षाच्या राजासमोर दुसऱ्या पक्षाचा वजीर उभा असे. प्यादे शेवटच्या घरात पोचले की त्याचा हटकून वजीर होत नसे. ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचे, तेच मोहरे होई. म्हणून कोणते प्यादे पुढे न्यावयाचे याचा विचार फार आधीपासून करावा लागे. आणि प्याद्याने मात करणे हा सर्वांत मोठा मान. वजिराने मात कोणीही करील, प्याद्याने करील तो खरा खेळाडू, अशी जुन्या लोकांची समजूत होती.

युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस खेळास वेग यावा म्हणून वजीर व उंट यांचे बळ वाढविण्यात आले. प्याद्यास दोन घरांची मुभा मिळाली. पुढे किल्लेकोटही रूढ झाला. ते नियम इंग्रजांबरोबर आपल्याकडे आले. दोन्ही पद्धती कित्येक वर्षे शेजारी शेजारी नांदल्या. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी युरोपीय पद्धतीस जुळवून लिहिलेला बुद्धिबळावरील इंग्रजी ग्रंथ १८१४ साली मुंबईस छापला गेला, म्हणजे पेशवाई अजून उभी होती तेव्हा. सत्यजित राय यांच्या १९७७ सालच्या ‘शतरंज के खिलाडी’ या चित्रपटातील दोन नबाबही अखेरीस इंग्रजी पद्धतीचा डाव मांडतात. त्या दृश्याचा अर्थ आमच्या ओट्यावर त्या दिवाळीत कळला.

‘इंडियन’ हे नाव कोठून आले

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. डावाच्या सुरुवातीस, म्हणजे ओपनिंगला, निरनिराळी नावे आहेत. स्पेनच्या नावाची आहे, सिसिली बेटाच्या नावाची आहे, फ्रान्सच्या नावाची आहे. त्याचप्रमाणे किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन अशी नावे प्रत्येक पुस्तकात सापडतात. अण्णांच्या नातवाची आवडती सुरुवात किंग्ज इंडियन हीच होती. ती रोज खेळूनही त्यात ‘इंडियन’ काय, हा प्रश्न त्यास कधी पडला नव्हता. आणि आम्हां मोठ्यांपैकी तरी किती जणांस पडला असेल?

याचे उत्तर कलकत्त्यात आहे. जॉन कॉक्रेन हे स्कॉटलंडचे बॅरिस्टर, तेथे वकिली करीत. युरोपातील नामांकित खेळाडूंत त्यांची गणना होई. १८४८ च्या सुमारास बंगालच्या खेड्यातील महेशचंद्र बॅनर्जी नावाच्या ब्राह्मणाशी त्यांची गाठ पडली. महेशचंद्र देशी नियमांत वाढलेले. पुढे या दोघांचे शेकडो डाव झाले आणि त्यांतील पुष्कळ नोंदले जाऊन इंग्लंडमध्ये छापले गेले. जिंकण्यात कॉक्रेन पुष्कळच पुढे होते. परंतु महेशचंद्रांची मांडणी त्यांस विलक्षण वाटे.

ती मांडणी कशी होती? ज्याचे प्यादे एकेक घर चालते, तो मधली घरे एका झेपेत बळकावू शकत नाही. म्हणून तो घोडा बाहेर काढतो, राजाच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवतो आणि त्या मोकळ्या घरात उंट बसवितो. तेथून तो उंट सबंध तिरप्या रेषेवर नजर ठेवतो. मध्ये प्रतिपक्षाने खुशाल प्यादी उभी करावी. त्यांवर दुरून मारा करता येतो. महेशचंद्र युरोपीय नियमांनी खेळू लागले तेव्हाही ही सवय त्यांनी सोडली नाही. युरोपातील पंडितांच्या मते डावाचा मध्य प्याद्यांनी प्रत्यक्ष व्यापलाच पाहिजे. त्यामुळे ही रीत पुष्कळ वर्षे विक्षिप्त मानली गेली.

मग पहिल्या महायुद्धानंतर निम्झोविच, रेटी, तार्ताकोव्हर, ग्रुनफेल्ड अशा नव्या दमाच्या खेळाडूंनी नेमका हाच विचार मांडला: मध्य व्यापण्यापेक्षा त्यावर दुरून ताबा ठेवावा. या सुरुवातींना ‘इंडियन’ हे नाव त्या काळात रूढ झाले. व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्ड यांनी १९२२ साली जी सुरुवात प्रचारात आणली आणि जी आज त्यांच्या नावाने ओळखली जाते, ती महेशचंद्रांनी कॉक्रेन यांच्याविरुद्ध १८५५ साली खेळलेली आहे. १९५६ साली न्यूयॉर्कला तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने वजीर देऊन जो डाव जिंकला आणि ज्यास शतकातील सर्वोत्तम डाव म्हणतात, त्याची सुरुवातही हीच. म्हणजे अमेरिकेतल्या त्या मुलाने केलेल्या पहिल्या चार चालींमागे बंगालमधील एका खेडेगावचे संस्कार होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

सुलतान खान

देशी डावात वाढलेला माणूस जगापुढे टिकेल काय, या शंकेचे उत्तर मीर सुलतान खान यांनी दिले. पंजाबातील हे गृहस्थ सर उमर हयात खान यांच्या पदरी होते. देशी डाव ते लहानपणी वडिलांकडून शिकले. युरोपीय नियम तरुणपणी शिकले. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकून १९२९ मध्ये ते लंडनला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटनचे विजेते झाले. १९३२ व १९३३ साली त्यांनी ते पद पुन्हा मिळविले. ओपनिंगची पुस्तके हा त्यांचा प्रांत नव्हे. सुरुवातीस ते मागे पडत आणि डावाच्या मध्यास व शेवटास सारे वसूल करीत.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांची गाठ खुद्द कापाब्लांकांशी पडली. गंमत पाहा: काळी मोहरी घेतलेल्या कापाब्लांकांनी सुरुवात केली ती क्वीन्स इंडियन पद्धतीची, आणि पासष्ट चालींनंतर हरले ते हिंदुस्थानच्याच माणसाकडून! ही हकीकत सांगितली की आमच्या ओट्यावरचा कापाब्लांकापक्ष काही क्षण गप्प बसतो. सुलतान खान १९३३ अखेर मायदेशी परतले व १९६६ साली वारले. जागतिक संघटनेने त्यांस मानाचा ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ साली. त्याच उमर हयात खान यांच्या घरातील फातिमा यांनी १९३३ साली ब्रिटनची महिलांची स्पर्धा जिंकली होती, हेही आवर्जून सांगितले पाहिजे.

आपली माणसे

मराठी माणसाने या खेळास किती दिले हे मुलांना सांगितले जात नाही. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या पुढाकाराने नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ साली सुरू झाले. १९५५ साली एलुरु येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तीत डी. वेंकय्या यांच्यासमवेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री व रोहिणी याही राष्ट्रीय विजेत्या. रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा मोठा गहजब झाला. अखेर स्त्रियांस अशी बंदी करता येणार नाही, असे जागतिक संघटनेस स्पष्ट करावे लागले. भाग्यश्री साठे-ठिपसे सांगलीच्या मुशीत घडल्या. प्रवीण ठिपसे १९९७ साली भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. आणि २०२५ साली नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या ओट्यावर पेढे वाटले गेले. नागपूरला लेकी-सुना असलेली घरे इंदुरात थोडी नाहीत; तेव्हा तिला ‘आपली’ म्हणावयास कोणाची परवानगी घेण्याचे कारण नव्हते.

शेवटचा डाव

ही सर्व हकीकत अण्णांच्या नातवास एका संध्याकाळी सांगितली. त्याने निमूटपणे ऐकून घेतली. मग पट आणून त्यावर आपली किंग्ज इंडियन मांडली: घोडा बाहेर, घोड्यापुढचे प्यादे एक घर, त्या जागी उंट, वजिरापुढचे प्यादे एक घर. ती मांडणी तशीच उचलून तो आजोबांच्या खोलीत घेऊन गेला आणि त्याने विचारले, “आजोबा, तुम्ही असंच मांडता ना?”

अण्णांनी चष्मा लावून पाहिले. म्हणाले, “माझे वडील असेच मांडत. तुला कुणी शिकवलं?”

त्यानंतर ओटा पुन्हा भरू लागला. आता नातू सुटीत आला की दोघे दोन डाव खेळतात. पहिला अण्णांच्या नियमांनी, दुसरा नातवाच्या. पहिल्या डावात मुलाला अजून प्याद्याने मात करता आलेली नाही आणि दुसऱ्या डावात अण्णा किल्लेकोट करावयाचे हमखास विसरतात.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर जुना लाकडी पट असेल, आणि त्यावर खेळलेले एखादे वडीलधारे माणूसही घरात असेल. त्यांना त्यांचे नियम विचारून ठेवावेत. ते कोणत्याही पुस्तकात पुरते सापडणार नाहीत, आणि विचारावयास फार अवधीही नाही. डाव कोण जिंकेल हा प्रश्न गौण आहे. मात्र सल्ला देणाऱ्यांनी थोडे कमी बोलावे, एवढी विनंती आमच्या ओट्याच्या वतीने करून हा लेख पुरा करतो.