‘फ्राम’ पाहावं ते तळापासून

ऑस्लोच्या बिग्डॉय द्वीपकल्पावर फ्राम म्युझियम आहे. उतरत्या छपराच्या त्या उंच इमारतीत अख्खं जहाज उभं आहे. डेकवर जायची घाई होते, पण आधी खाली जा. या जहाजाची सगळी करामत त्याच्या पोटाशी आहे.

१८८१ मध्ये ‘जॅनेट’ हे अमेरिकन जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी त्याचे अवशेष सापडले ते थेट ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर. बर्फच ते एवढ्या लांब वाहून घेऊन आला होता. मग जहाज मुद्दाम बर्फात अडकवून त्याच्याबरोबर वाहत का जाऊ नये, असा विचार नॉर्वेजियन ध्रुवसंशोधक फ्रित्यॉफ नान्सेनने केला. त्यासाठी कॉलिन आर्चरने बांधलेलं ‘फ्राम’ १८९२ मध्ये पाण्यात उतरलं.

तळाशी उभं राहून वर पाहा. ३९ मीटर लांबीच्या मानाने ११ मीटर रुंदी जास्तच वाटते आणि बाजू गोलसर आहेत. चिमटीत दाबलेला ओला चिंचोका जसा वर निसटतो, तसं दोन्हीकडून बर्फ आवळू लागला की हे जहाज वर उचललं जातं. बर्फाला पकडायला काही मिळू नये म्हणून कणाही जेमतेम तीन इंच बाहेर ठेवलाय. ओकच्या फळ्यांवर ग्रीनहार्ट या कठीण लाकडाचं आवरण आहे. ते मुद्दाम असं ठोकलंय, की बर्फाने सोलून काढलं तरी आतली फळी शाबूत राहावी. सुकाणू आणि पंखा वर ओढून घेता येतात.

आता आत चला. डोकं सांभाळा, दारं बुटकी आहेत. मला सर्वांत भावतात त्या भिंती. जुन्या ध्रुवीय जहाजांत माणसांच्या श्वासातली वाफ थंड भिंतींवर गोठायची, वितळली की अंथरुणं भिजायची. म्हणून इथे डांबरी नमदा, बूच, लाकूड, लिनोलियम असे थरांवर थर दिले. लांबलचक ध्रुवीय रात्रीत दिवे लागावेत म्हणून डेकवर पवनचक्कीही बसवली होती.

सप्टेंबर १८९३ मध्ये बर्फात शिरलेलं ‘फ्राम’ ऑगस्ट १८९६ मध्ये स्वालबार्डजवळ धडधाकट बाहेर आलं. गोल तळाची किंमत मात्र खुल्या समुद्रात मोजावी लागे. तिथे ते भयंकर डोलायचं. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या नॉर्वेजियन रोआल्ड आमुंडसेनची माणसं आणि कुत्री हेच डोलणं सोसत १९११ मध्ये अंटार्क्टिकाला पोहोचली. तोवर वाफेच्या इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन आलं होतं. इंजिनरूम नीट पाहा.

शेजारच्या इमारतीतलं ‘यॉआ’ चुकवू नका. आमुंडसेन आणि त्याच्या सहा साथीदारांनी १९०३ ते १९०६ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडून जाणारा वायव्य सागरी मार्ग पार केला तो या लहानशा जहाजातून. तिथे उथळ पाण्यातून वाट काढायची होती, म्हणून जहाज छोटं असणंच कामी आलं.