साहेबाचं राज्य नव्हतं, तरी!

जालना इंग्रजी मुलखात कधीच नव्हतं, ते निजामाचं. तरी वसाहतवादाचा शब्दकोश चाळायचा तर हाच जिल्हा घ्यावा.

सुरुवात 'कंपू'पासून. आज कंपू म्हणजे टोळकं. तेव्हा शिंद्यांच्या कवायती पलटणी. 23 सप्टेंबर 1803 ला भोकरदन तालुक्यातल्या असईजवळ हे कंपू इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीसमोर उभे ठाकले. त्यांचा सेनानी पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन, आणि गंमत म्हणजे पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचाच सार्जंट! मधल्या केळणा नदीला उतार नाही, असं वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं. त्याला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. गावं आहेत म्हणजे येणं-जाणं असणारच! उतार सापडला, लढाईही त्यानेच जिंकली. पण त्याची दीड हजारांवर माणसं मेली, जखमी झाली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हाच गडी आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून नाव घ्यायचा ते असईचं.

'तैनाती फौज' शाळेत सगळ्यांनी घोकलेली. फौज कंपनीची, खर्च आपला आणि वर दरबारात इंग्रज रेसिडेंट. म्हणजे न उठणारा पाहुणा. निजामाने 1798 मध्ये हे ओझं पक्कं गळ्यात घेतलं आणि 1800 मध्ये खर्चापोटी टिपूकडून मिळालेला मुलूखच देऊन टाकला. एवढ्यावर भागलं नाही. 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची आणखी एक फौज उभी राहिली: अधिकारी इंग्रज, पगार निजामाच्या तिजोरीतून. थकबाकी साचली आणि 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. राखणदाराचा पगार थकला म्हणून राखणदारानेच शेत नेलं! 1902 मध्ये तेच वऱ्हाड वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचं भाड्याने लिहून घेतलं. जालन्याची 1827 पासूनची लष्करी छावणी पुढच्याच वर्षी उठली.

आता 'हाली' आणि 'कलदार'. निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. 100 कलदारांना साधारण 116 हाली मोजावे लागत. जालन्यातून शेजारच्या वऱ्हाडातल्या देऊळगाव राजाच्या बाजाराला निघालं, की वाटेत नाणं बदलायचं. मुलखाला नावंही दोन: निजामाची ती 'मोगलाई', इंग्रजांचं ते 'खालसा'. 'इथे काय मोगलाई लागून गेलीय?' हा दम आपण अजून देतो.

'मिशन' म्हटलं की गोरा पाद्री डोळ्यांसमोर येतो. जालन्यात मात्र स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं काम उभं केलं ते ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी. शहराजवळ त्यांनी गाव वसवलं आणि बायबलमधून त्याला नाव दिलं बेथेल. वसाहतवादाची सरळसोट व्याख्या इथे जराशी अडखळते, आणि अडखळू द्यावी.

शेवटचा शब्द 'संस्थान'. 15 ऑगस्ट 1947 ला देऊळगाव राजा स्वतंत्र झालं, निजामाच्या संस्थानातलं जालना नाही. निजामाचं राज्य संपायला 17 सप्टेंबर 1948 उजाडलं. म्हणून महाराष्ट्रात सरकारी झेंडावंदन वर्षातून तीनदा होतं, मराठवाड्यात चारदा.