शिक्षा भोगली की भोगत होते?

‘टिळक नारायण पेठेत गायकवाड वाड्यात राहत होते’ याचं इंग्रजी करताना पुष्कळजण ‘वॉज लिव्हिंग’ लिहितात. गोष्ट वर्षानुवर्षं चालली, म्हणून पास्ट कंटिन्युअस (अपूर्ण भूतकाळ), असा हिशेब. तो सुचणं स्वाभाविक आहे; आपलं ‘राहत होते’ वास्तव्य, सवय, चालू क्रिया सगळं निभावून नेतं. इंग्रजी मात्र इथे कालावधी मोजत नाही. भूतकाळातला एक क्षण धरायचा आणि त्या क्षणी क्रिया मध्यावर होती का, एवढंच पाहायचं. विसर्जन मिरवणुकीच्या फोटोसारखं: सुरुवातही दिसत नाही, शेवटही नाही.

टिळकांनी मंडालेत सहा वर्षं शिक्षा भोगली. एवढा मोठा काळ, तरी इंग्रजीत साधा भूतकाळ, ‘सर्व्ड’. पण 1912 मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या, तेव्हा ते शिक्षा भोगत होते. इथे ‘वॉज सर्व्हिंग’च हवं. शिक्षा तीच, पाहण्याची जागा वेगळी. (‘वॉज नोइंग’ मात्र कधीच नको; माहीत असणं ही क्रिया नव्हे, स्थिती.)

म्हणून वाड्याच्या वाक्यात ‘लिव्ह्ड’ लिहावं. ‘तेव्हा’ जोडून पाहा. वाक्य त्यावाचून पुरं होत असेल, तर बहुधा साधा भूतकाळच बरोबर.